पहिल्यांदाच स्क्वेअर डान्सला जाताय? आधी कान तयार करा

न्यू हॅम्पशायरमध्ये दोन हिवाळे नाचून झाल्यावर मला वाटायला लागलं होतं की स्क्वेअर डान्स, म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात उभं राहून करायचा अमेरिकन लोकनाच, आपल्याला आता जमतो. मग नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात राहायला आलो. पहिल्याच शनिवारी नाचाला गेलो. कॉलरने ‘डू-सी-डू’ म्हटलं, मी सवयीप्रमाणे समोरच्याला पाठीला पाठ लावून वळसा घालून आले, आणि बघते तर बाकीचे तिघे डावे हात पुढे करून माझी वाट बघत उभे!

शब्द तोच, पण नाच निराळा. हा घोळ मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. तेव्हा अमेरिकेत नव्याने आलेल्या, गावच्या हॉलबाहेरची पाटी बघून ‘जाऊन तर बघू’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. नाच येत नसला तरी चालेल. फुगडी घातलेली असेल तर मात्र तुम्ही निम्मी लढाई जिंकलात, ते पुढे येईलच.

एक खुलासा. कॉलर म्हणजे शर्टाची नव्हे, फोन करणाराही नव्हे. बँडशेजारी उभं राहून आता काय करायचं ते तालात पुकारणारा माणूस किंवा बाई म्हणजे कॉलर. युरोपातल्या क्वाड्रिलमध्ये, म्हणजे चार जोड्यांच्या जुन्या चौकोनी नाचात, नाचणाऱ्यांना आकृत्या पाठ असाव्या लागत. त्या पुकारून सांगण्याची रीत अमेरिकेत रुजली, आणि एकोणिसाव्या शतकातले कृष्णवर्णीय फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), त्यातले बरेच गुलामगिरीत असलेले, वाजवता वाजवता हुकूम द्यायचे, हे त्या रीतीचं एक मोठं मूळ आहे. काउबॉयच्या टोपीकडे बघून हे लक्षात येत नाही.

१. कुठल्या जातीचा स्क्वेअर डान्स आहे, ते आधी विचारा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. ‘स्क्वेअर डान्स’ या एकाच नावाखाली दोन वेगळे संसार आहेत.

एक क्लबवाला, म्हणजे मॉडर्न वेस्टर्न. त्यात हुकमांची ठरलेली यादी असते, बेसिक, मेनस्ट्रीम, प्लस अशा पायऱ्या असतात, आणि १९७४ साली स्थापन झालेली कॉलरलॅब ही कॉलरांची संस्था त्या याद्या सांभाळते. तिथे नाचायचं तर आधी बरेच आठवडे वर्गाला जावं लागतं. दुसरा पारंपरिक. त्यात जिवंत बँड असतो (रेकॉर्ड नव्हे), हुकूम थोडे असतात, आणि प्रत्येक नाचाआधी कॉलर तो चालवून दाखवतो. नवख्याने थेट जायचं ते या दुसऱ्याकडे.

मी अर्थातच आधी पहिल्याकडे गेले. नुसती ‘स्क्वेअर डान्स, सात वाजता’ अशी पाटी होती. आत प्लस पायरीचा नाच. पहिल्या पाच मिनिटांत मी सात माणसांचा चौकोन मोडला. लोक फारच सभ्य होते, त्यामुळे जास्त लाज वाटली.

म्हणून फोन करून किंवा ईमेलने हे तीन प्रश्न विचारा: पारंपरिक आहे का? बँड जिवंत आहे का? नवख्यांसाठी आधी धडा असतो का? तिन्हींना ‘हो’ आलं तर बिनधास्त जा. जवळचा नाच शोधायला कंट्री डान्स अँड साँग सोसायटीची यादी उपयोगी पडते. ही संस्था १९१५ पासूनची आहे. पुष्कळदा गावात निव्वळ स्क्वेअरची संध्याकाळ नसते, पण कॉन्ट्रा डान्सच्या (समोरासमोरच्या लांब ओळींत करायच्या नाचाच्या) कार्यक्रमात एकदोन स्क्वेअर असतात. सुरुवातीला तेवढं पुरतं.

२. काय घालायचं, काय बरोबर न्यायचं

कागदपत्रं काही लागत नाहीत. जोडीदारही लागत नाही, तिथे गेल्यावर कुणालाही विचारायचं. बाईने बाईला विचारलं तरी कुणी भुवया उंचावत नाही. नको असेल तर ‘नाही’ म्हणण्याची मुभा दोन्ही बाजूंना असते.

पिशवीत एवढं टाका:

- गुळगुळीत तळव्याचे, टाचेला घट्ट बसणारे स्वच्छ बूट. चामडी तळवा उत्तम. धावायचे रबरी बूट लाकडी फरशीला चिकटतात आणि गिरकीत गुडघा पिळवटतो. कोल्हापुरीचा तळवा चामडी असला तरी ती पायातून उडून जाते, तेव्हा ती घरीच ठेवा.
- पाण्याची बाटली, घामाला रुमाल, आणि एक जास्तीचा टी-शर्ट.
- दारावर द्यायला रोख पैसे. दहा-पंधरा डॉलर जवळ असू द्या.

ओढणी आणि मोठ्या अंगठ्या नकोत. काचेच्या बांगड्या तर मुळीच नकोत, कारण प्रत्येक जण तुमचं मनगट नाहीतर हात धरणार असतो. लांब मंगळसूत्र आत टाका. अत्तरही लावू नका. बऱ्याच ठिकाणी तशी स्पष्ट विनंती असते, आणि बंद हॉलमध्ये शंभर माणसं घामाघूम झाल्यावर ती पटते.

फ्रिलचे घेरदार झगे, दोरीचे टाय वगैरे चित्रात दिसतात ते क्लबवाल्यांचे. पारंपरिक नाचाला लोक साध्या कपड्यांत येतात.

३. चौकोन, आणि त्यात चौथी जागा

चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना, सगळ्यांची तोंडं आत. बँडकडे पाठ करून उभी असते ती पहिली जोडी. तिच्या उजव्या हाताला दुसरी, समोर तिसरी, डाव्या हाताला चौथी. पहिली आणि तिसरी म्हणजे ‘हेड्स’, दुसरी आणि चौथी ‘साइड्स’. जोडीत बाई पुरुषाच्या उजवीकडे. काही ठिकाणी आता बाई-पुरुष असं न म्हणता डावीकडच्याला ‘लार्क’ आणि उजवीकडच्याला ‘रॉबिन’ म्हणतात, आणि कुणीही कुठलीही बाजू घेतं. आपल्या जोडीदाराच्या विरुद्ध बाजूला शेजारी उभा असतो तो तुमचा ‘कॉर्नर’. हा शब्द शंभरदा येणार आहे.

माझा सगळ्यात कामाचा सल्ला: नवखे असाल तर चौथी जोडी व्हा. जुन्या नाचांत पहिली जोडी दुसरीकडे जाते, तिथे आकृती करते, मग तिसरीकडे, मग चौथीकडे. म्हणजे तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही ती दोनदा बघितलेली असते. नव्या धाटणीत हेड्स आधी करतात, तेव्हाही तुम्हाला बघायला मिळतंच. बँडकडे तोंड केलंत की उजव्या हाताची बाजू ती चौथी. तिथे जाऊन उभे राहा आणि चेहरा असा ठेवा की जणू योगायोगानेच आलात.

४. एवढे हुकूम अंगात मुरवा

*सर्कल लेफ्ट:* हात धरून डावीकडे. ही देवळातल्या प्रदक्षिणेची दिशा. *प्रोमेनेड:* जोडीदाराला घेऊन चौकोनाभोवती चालत आपल्या जागी. ही नेमकी उलटी प्रदक्षिणा. दिशा चुकण्याचं माझं दुखणं या एका खुणेने गेलं.

*अलेमांड लेफ्ट:* कॉर्नरला डावा हात देऊन गोल फिरून परत. आपल्याला लहानपणापासून ‘डावा हात पुढे करू नये’ हे इतकं शिकवलेलं असतं की पहिले दोन महिने माझा उजवाच जायचा. इथे डावा म्हणजे डावाच.

*ग्रँड राइट अँड लेफ्ट:* जोडीदाराला उजवा हात, पुढच्याला डावा, मग उजवा, मग डावा, असं ओलांडत जायचं. पुरुष एका दिशेने, बायका दुसऱ्या. गोफ विणताना जसे आतून-बाहेरून जातो, तसंच, फक्त दोऱ्या नाहीत. जोडीदार पुन्हा भेटतो तो अर्ध्या वाटेवर, घरापासून सगळ्यात लांब. तिथे गोंधळू नका, हे असंच असतं.

*स्विंग:* इथे फुगडीवाल्यांची चांदी. उजवी पावलं बाहेरच्या कडांनी जवळजवळ, डाव्या पायाने लहान मुलं स्कूटर ढकलतात तसं ढकलत राहायचं, आणि वजन थोडं मागे टाकायचं. एकमेकांच्या वजनावर तोललेलं राहायचं, हे आपल्याला मंगळागौरीतच शिकवलेलं आहे. फरक एवढाच की फुगडीत जोर दाखवायचा असतो, इथे दाखवायचा नसतो. समोरच्या आजोबांचा खांदा शाबूत ठेवायचा असतो. चक्कर येत असेल तर समोरच्याच्या नाकाकडे बघा.

*फॉरवर्ड अँड बॅक:* चार पावलं पुढे, चार मागे.

बाकीचं तिथे कळतं.

५. सिंगिंग कॉल: गाणं ऐकू नका, हुकूम ऐका

हुकूम देण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. पहिली ‘पॅटर’: फिडलच्या द्रुत सुरावर कॉलर यमक जुळवत बडबडत राहतो. त्यातली निम्मी वाक्यं तुमच्यासाठी नसतातच. उखाण्यात ‘भाजीत भाजी मेथीची’ म्हणतात तेव्हा मेथीचा नवऱ्याशी काही संबंध नसतो, ती यमकापुरती आलेली असते. पॅटरमध्येही कोंबडी, मका, जुना बूट असलं काहीबाही येतं. नवखा माणूस त्याचा अर्थ लावत बसतो आणि खरा हुकूम निसटतो. ओळखीचं क्रियापद कानावर पडेपर्यंत बाकीची मेथी सोडून द्या.

दुसरी तऱ्हा ‘सिंगिंग कॉल’. ही मराठी माणसाला समजवायला फार सोपी, कारण आपण चालीवर जगणारे लोक. सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर भजन बांधायचं, ही युक्ती आपल्या प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे. सिंगिंग कॉल म्हणजे तेच: सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्याची चाल घ्यायची आणि शब्दांच्या जागी नाचाचे हुकूम बसवायचे. ‘रेड रिव्हर व्हॅली’ हे त्यातलं नेहमीचं. १८९६ सालचं ‘हॉट टाइम इन द ओल्ड टाउन’ हे दुसरं. लोक प्रोमेनेड करत घरी चालले असतात तेव्हा हुकमाची गरज नसते, त्या सोळा ठोक्यांत कॉलर बहुधा मूळ गाण्याचं धृपद गातो आणि सगळा हॉल त्याच्याबरोबर गातो.

याची बांधणी एकदा समजली की भीती जाते. चालीचं एक आवर्तन ६४ ठोक्यांचं, म्हणजे आठ-आठ ठोक्यांचे आठ तुकडे. रेकॉर्डवरच्या रूढ सिंगिंग कॉलमध्ये अशी सात आवर्तनं असतात: सुरुवात, मग हेड्ससाठी मुख्य आकृती दोनदा, मधला विसावा, साइड्ससाठी दोनदा, आणि शेवट. सगळं मिळून पावणेचार मिनिटांच्या आसपास. सुरुवात, विसावा आणि शेवट यांत बहुतेक वेळा सगळे मिळून तेच ओळखीचे हुकूम करतात. म्हणजे खरं नवं असं एकच आवर्तन शिकायचं असतं.

घरी मुलांबरोबर सराव करायला मी हे जुळवलं होतं. कंसात ठोके:

हात धरा, डावीकडे, गोल गोल चला (८)
फिरा मागे, उजवीकडे, घर आपलं गाठा (८)
शेजाऱ्याच्या पाठीमागून वळसा एक घाला (८)
जोडीदाराच्या पाठीमागून वळसा दुसरा घाला (८)
शेजाऱ्याला डावा हात, फिरून परत या (८)
जोडीदाराशी गिरकी घ्या, तोल मात्र सांभाळा (८)
आता दोघं जोडीने, चालत घरी निघा (१६)

मोजून बघा, ६४ भरतात. टाळ्या वाजवत कुठल्याही ठेक्यात म्हणा. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या कॉर्नर म्हणून ठेवल्या तरी चालतात.

आता सापळे.

गाणं ओळखीचं असलं की माणूस गाणं ऐकायला लागतो. चाल छान चालू असते, तुम्ही डोलत असता, आणि ‘अलेमांड’ निघून गेलेला असतो. ज्यांना गाण्याचा कान आहे ते इथे जास्त फसतात, हे मी आमच्या एका पेटीवादक मित्राच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून पहिल्यांदा शब्दांकडेच लक्ष द्या. चाल आपोआप पायात येते.

दुसरं, अनेक सिंगिंग कॉल्समध्ये प्रत्येक आकृतीच्या शेवटी जोडीदार बदलतो. पुरुष आपल्याच जागी राहतो, कॉर्नरची बाई त्याची नवी जोडीदार होते, म्हणजे बायका दरवेळी एकेक घर उजवीकडे सरकतात. चौथ्या आकृतीनंतर आपला नवरा आपल्याला परत मिळतो. तोवर त्याच्याकडे बघून ‘अरे इकडे’ असे हातवारे करू नका. नव्याने आलेली नवरा-बायकोची जोडी हमखास इथेच चौकोन मोडते. बायकांनी एवढंच लक्षात ठेवावं: ज्याच्याबरोबर प्रोमेनेड केलंत, त्याचं घर ते आता तुमचं घर.

सिंगिंग कॉल इतके पसरले त्याला यंत्रंही कारणीभूत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मायक्रोफोन, लाउडस्पीकर आणि रेकॉर्ड सगळीकडे पोचले. शेकडो माणसांना एकाच कॉलरचा आवाज ऐकू जाऊ लागला आणि बँड नसला तरी भागू लागलं. त्याआधी १९२०च्या दशकात मोटारवाले हेन्री फोर्ड या जुन्या नाचांच्या मागे लागले होते. मॅसॅच्युसेट्सचे नृत्यशिक्षक बेंजामिन लव्हेट यांना त्यांनी मिशिगनला आणलं, डिअरबॉर्नमधला लव्हेट हॉल त्यांच्याच नावाचा. फोर्ड यांना जॅझचा तिटकारा होता आणि त्यांच्या यहुदीद्वेषाचाही त्यात भाग होता. नाचाचं भलं झालं, पण हेतू फार चांगला होता असं म्हणवत नाही.

६. प्रांत बदलला की पाय बदला

*न्यू इंग्लंड,* म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा, न्यू हॅम्पशायर त्यातच येतं. इथे संगीताच्या तुकड्याला फार मान. कॉलर आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या ठोक्यांवर हुकूम देतो, म्हणजे नव्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर तुमचं पहिलं पाऊल पडतं. घाई केलीत तर हात पुढे करून ताटकळत उभं राहावं लागतं. फिडलला पियानोची साथ, रील आणि जिग या द्रुत चाली, लांबलचक स्विंग. क्वाड्रिलची अदब अजून शिल्लक आहे. न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज हे इथले नावाजलेले कॉलर. १९४९ पासून त्यांनी ‘नॉर्दर्न जंकेट’ नावाचं मासिकही चालवलं. डू-सी-डू म्हणजे इथे पाठीला पाठ.

*दक्षिण ॲपलाचियन डोंगर.* इथे सिंगिंग कॉल क्वचितच भेटतो. फिडल आणि बँजो, वेग जास्त, आणि पुष्कळदा कॉलर स्वतः नाचता नाचता ओरडत असतो. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात तर चौकोनच नसतो! सगळा हॉल एका मोठ्या वर्तुळात, मग दोन-दोन जोड्यांची छोटी वर्तुळं, आणि एक जोडी आकृती करून पुढच्या जोडीकडे सरकते. आकृत्यांची नावं गोड: ‘बर्डी इन द केज’मध्ये एक बाई मध्ये पिंजऱ्यात, बाकीचे तिघे हात धरून भोवती. शेवटी सगळे पुन्हा मोठ्या वर्तुळात येतात आणि हात न सोडता लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळले जातात. मध्ये सापडलात तर हसत राहा, सुटका होते.

इथे डू-सी-डू म्हणजे हात देऊन फिरणं: जोडीदाराला डावा, समोरच्याला उजवा. लेखाच्या सुरुवातीचा माझा घोळ तो हाच. टेक्सास आणि पश्चिमेकडेही अशीच हातांची तऱ्हा आहे. स्विंग आखूड, साध्या चालण्याच्या पावलांनी. पावलं वाजवत नाचणारेही दिसतील, त्याला क्लॉगिंग म्हणतात. ते आलंच पाहिजे असं नाही, नुसतं भराभर चाललात तरी पुरतं.

केंटकीतल्या पाइन माउंटन शाळेत १९१७ साली इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प यांनी हा वेगवान नाच पाहिला आणि त्यांना वाटलं, इंग्लंडचा अतिप्राचीन नाच सापडला. प्रत्यक्षात त्यात इंग्रजी, स्कॉटिश, आयरिश, फ्रेंच आणि कृष्णवर्णीय असे सगळेच धागे मिसळलेले आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला १९२८ पासून बॅस्कम लमार लन्सफर्ड यांनी सुरू केलेला लोकनृत्य महोत्सव भरतो. सॅम क्वीन यांचा सोको गॅपचा संच १९३९ साली थेट व्हाइट हाउसमध्ये ब्रिटनच्या राजा-राणीपुढे नाचला.

*पश्चिम.* एकेक जोडी भेटी देत फिरते, पॅटर भरघोस. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या शायेन माउंटन शाळेचे लॉइड शॉ यांनी १९३९ साली या नाचांवर पुस्तक काढलं आणि उन्हाळ्यात कॉलरांचे वर्ग घेतले. आजचा क्लबवाला नाच त्या ओघातूनच वाढला.

*कॅनडा.* ओंटारियोत सिंगिंग कॉल जोरात. क्वेबेकमध्ये हुकूम फ्रेंचमध्ये असतात आणि वादक बसल्या जागी पायांनी ताल धरतात. केप ब्रेटनमध्ये अनेक ठिकाणी कॉलरच नसतो, तिथे कोपऱ्यात उभं राहून आधी दोन सेट, म्हणजे नाचाच्या दोन फेऱ्या, बघा.

कुठेही नव्याने गेलात तर दारातच विचारा: ‘तुमच्याकडे डू-सी-डू कसा करतात?’ या एका प्रश्नावरून त्यांना कळतं की तुम्ही अगदीच कोरे नाही आहात, आणि तुम्हाला कळतं की आज कुठल्या घरचं जेवण आहे.

७. चुकलात तर

चुकणारच. तेव्हा आपल्या घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी (जोडीदार बदलत असेल तर बायकांनी नव्या घरी), जाऊन आत तोंड करून उभं राहा. सिंगिंग कॉलमध्ये हे आणखी सोपं, कारण ६४ ठोके संपले की सगळे घरी येतातच. हरवलेल्या जोडीदाराला शोधत चौकोनात धावू नका. कुणी हात पुढे केला तर तो धरा, कुठला ते बघत बसू नका. कुणी खांद्याला धरून वळवलं तर राग मानू नका, पण जोरात ओढलं तर ‘हळू’ म्हणून सांगा. आपणही दुसऱ्याला तोंडी सूचना देऊ नका. एकाच वेळी दोन कॉलर कुणालाच ऐकू येत नाहीत.

धडा साडेसातला असेल तर सव्वासातला पोचा. आपली पंधरा मिनिटं उशिराची सवय इथे नडते, कारण सगळ्या ओळखी त्या अर्ध्या तासातच होतात. मध्यंतरात डब्यातलं काही वाटायची रीत असेल तर चिवडा न्या, पण दाणे घातलेत हे कागदावर लिहून ठेवा. न्यू इंग्लंडकडे संध्याकाळ वॉल्ट्झने संपते. तो येत नसेल तर भिंतीकडेच्या खुर्च्या घडी करायला लागा. मला पुढच्या नाचाची तारीख, कुणाच्या गाडीतून यायचं ते, आणि केंटकीची एक आकृती, हे सगळं खुर्च्या उचलतानाच कळलं होतं.